मापाच्या वहीतला पाठमोरा माणूस

४ मार्च, मंगळवार

धाकट्या,

ताई लिहितेय. कपाळावर आठी पडली असेल तर ती राहू दे, पण कागद पुढे वाच. मी धडधाकट आहे, म्हणजे कमरेपासून वर. कमरेखालची भानगड निस्तरायला परदेशात आलेय. उजवा गुडघा बदलायचाय. परवा पोचले, शनिवारी ऑपरेशन.

सात वर्षांनी पहिलं पत्र आणि तेही असं, याची मला लाज वाटत नाही. लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दुकानात काजवालीला बजावून आलेय की कोणी विचारलं तर ताई हवापालटाला गेल्यात म्हणून सांग. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. काजं जेवढी बारीक करते तेवढंच तोंड मोठं. एका दिवसात तुझ्या बायकोच्या कानावर जाणार आणि मग तू म्हणणार, सख्खा भाऊ हाडांचा डॉक्टर असून त्याला सांगितलंसुद्धा नाही. तर आता सांगितलं.

फोनवर टाइप करणं मला जमत नाही. पस्तीस वर्षं कात्री धरून अंगठ्याला जो घट्टा पडलाय, त्याच्याखाली तीन अक्षरं एकदम दाबली जातात. म्हणून कागदावर लिहिते आणि इथल्या दुभाषीबाई फोटो काढून तुझ्या नंबरवर पाठवतात. त्यांना आपली भाषा फडाफडा बोलता येते पण वाचता येत नाही. त्यामुळे मी मोकळ्या हाताने लिहिणार आहे.

इतक्या लांब का आले, हे सगळेच विचारतात. विमानात शेजारच्या बाईनेही विचारलं. तुमच्या हॉस्पिटलात चौदा महिन्यांची यादी आहे. चौदा महिने मी कटिंगच्या टेबलाशी कशी उभी राहणार? गेला हिवाळाभर उंच स्टुलावर बसून कापड कापलं. बसून कात्री चालवली की खांद्याची गोलाई चुकते असं आई म्हणायची, ते खरं निघालं. तीन कोट परत आले. आईच्या वेळी आपल्या दुकानातून कोट परत आल्याचं तुला आठवतं का? इथे तीन आठवड्यांत नंबर लागला. इथले सर्जन वर्षाला पाचशे गुडघे बदलतात म्हणे. पाचशे पँटी शिवल्या की टेलरचाही हात बसतो, तसंच असणार. खर्चही आपल्याकडच्या खासगी दवाखान्यापेक्षा कमी.

तुमच्या हॉस्पिटलवर राग धरून आले, असं मात्र नाही. सगळ्यांना मी तेच सांगते आणि तुलाही तेच सांगते.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

ताई


६ मार्च, गुरुवार

धाकट्या,

निरोप मिळाला. सात वर्षांनी भावाने पाठवलेला, म्हणून चष्मा पुसून वाचला. ‘ऑपरेशनच्या आधी, तू जागी असताना, पायावर पेनाने खूण करायला सांग.’ संपलं. कशी आहेस नाही, सोबत कोण आहे नाही. दुभाषीबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “भाऊ काळजी करतात हो तुमची.” मी म्हटलं, “काळजी कसली, चोराच्या मनात चांदणं.” त्यांना ते कळलं नाही, तेच बरं झालं.

खूण कुठे करायची हे तू मला शिकवावंस? ज्या घरात चालायला लागण्याआधी हातात खडू येतो, त्या घरातली मी. आणि खूण चुकली की काय होतं, हे आपल्या दोघांइतकं कोणाला माहीत आहे?

विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. आईचा डावा गुडघा करायचा होता. तुमच्याकडे उजवा केला. कागदावर सही तुझी. दोन्ही झिजलेले होते हे मान्य, पण टेबलाशी उभं राहताना तिचा जीव जायचा तो डाव्याने. दुसऱ्यांदा भूल द्यायला तिच्या हृदयाची तयारी नव्हती, म्हणून डावा तसाच राहिला. जी बाई जन्मभर उभी राहून काम करत होती, ती शेवटची चार वर्षं खुर्चीत बसून गेली. परवा मी लिहिलं की रागावून आले नाही. ते खोटं होतं. राग आहेच, पण त्याहून जास्त भीती आहे. तुमच्या हॉस्पिटलात डोळे मिटायची मला भीती वाटते. चौदा महिन्यांची यादी चौदा दिवसांची असती तरी मी आले नसते.

इथे वॉर्डात बसलं की कळतं, असे आपण एकटेच नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर शाळेतल्या एक मास्तरीणबाई आहेत. घशातली गाठ काढायला आल्यात. त्यांच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, गाठीचं गावभर झालं असतं आणि निकाल यायच्या आधीच लोक भेटायला आले असते. “मला माणसांचे चेहरे बघायचे नव्हते,” म्हणाल्या. समोरच्या खोलीत एक बसड्रायव्हर आहेत, खुब्यासाठी आलेले. त्यांच्याकडे दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. दोन वर्षांत ते निवृत्त होणार होते, आणि त्यांना शेवटच्या दिवशी स्वतः बस चालवत डेपोत शिरायचंय. त्यांची काळजी वेगळीच आहे. भुलीतून उठताना आपण आपल्या भाषेत काहीतरी ओरडलो आणि कोणालाच कळलं नाही तर काय? त्यांनी चार शब्द एका कागदावर लिहून मनगटाला बांधून घेतलेत. दुखतंय, पाणी, थंडी वाजतेय, आणि बायकोचं नाव.

माझ्या काळजीचा बंदोबस्त मी आज केला. नर्सने एक कागद दिला. त्यावर माणसाची आकृती, नुसती बाहेरची रेघ, नाक नाही डोळे नाहीत, आपल्या मापाच्या वहीत असते तशी. दुभाषीबाई म्हणाल्या, “जिथे ऑपरेशन करायचं तिथे तुम्हीच खूण करायची आहे.” मी म्हटलं, आणा इकडे. हे काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही म्हणून तर एवढा प्रवास केला. उजव्या गुडघ्यावर अशी फुली मारली की आंधळ्यालाही दिसावी. खाली सही केली. आता कोण चुकतं तेच बघते.

ताई


७ मार्च, शुक्रवार संध्याकाळ

धाकट्या,

आज अक्षर वाईट येईल. खाटेवर आडवी पडून लिहितेय.

दुपारी सर्जन आले. उंच, शांत माणूस. कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब, माझं अर्धं लक्ष तिकडेच. हातात माझा एक्स-रे आणि कागदांची फाइल. दुभाषीबाईंशी काहीतरी बोलले आणि बाईंनी मला विचारलं, “डॉक्टर म्हणतात, तुम्ही डाव्या गुडघ्यावर खूण केलीय. एक्स-रेत उजवा जास्त झिजलेला दिसतो. आधी डावाच करायचाय का?”

माझं डोकंच फिरलं. इतक्या लांब आले, पाचशे गुडघेवाल्याकडे आले, तरी तेच. मी म्हटलं, “त्यांना सांगा, मी उजव्यावर खूण केलीय. स्वतःच्या हाताने. मध्ये कोणी कागद बदलला असेल तर शोधून काढा. आमच्या घरात हे एकदा झालंय, दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही.” वर आणखीही बरंच बोलले. माझा तोंडाचा पट्टा सुटला की कसा असतो हे तुला नव्याने सांगायला नको. बाईंनी अर्धंच सांगितलं असणार.

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी फाइलीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. फुली माझीच होती, सही माझीच होती. मी फुलीवर बोट आपटलं आणि म्हटलं, “हा काय, उजवा. माझ्या उजव्या हाताला आहे की नाही?”

त्या माणसाने कागद उचलला, स्वतःच्या छातीशी धरला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग एक बोट माझ्या फुलीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर टिचकी मारली.

त्यांच्या कागदावरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्याचा डावा आपल्या उजव्या हाताला येतो.

धाकट्या, आपल्या वहीतला माणूस कधी तोंड करून उभा राहिलाय का? आई गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून माप घ्यायची. समोर गेलं की लोक पोट आत ओढतात आणि मग घरी जाऊन बटण तुटलं म्हणून भांडायला येतात. म्हणून माप मागून, आणि वहीत चित्रही पाठमोरं. त्याचा डावा तो आपला डावा, त्याचा उजवा तो आपला उजवा, घोटाळ्याला जागाच नाही. मला तिने तसंच शिकवलं, काजवालीला मी तसंच शिकवलं. बाजारातले बाकीचे टेलर समोरून काढतात. त्यांची वही बघितली की मला उलटा शर्ट घातल्यासारखं वाटतं. पस्तीस वर्षांत मी एकही माणूस समोरून काढलेला नाही. त्या आकृतीला नाक-डोळे नव्हते, तेव्हा ती माझ्याकडे पाठ करूनच उभी असणार, यात मला शंकासुद्धा आली नाही.

सर्जननी पेन काढलं आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या वर मोठा निळा बाण काढला. मला हात लावून खात्री करायला सांगितलं. दुभाषीबाई हसल्या, मास्तरीणबाई हसल्या, मीही हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी माझ्यावरच म्हटलं आणि बाईंना त्याचा अर्थ समजावून सांगितला.

मग सगळे गेले आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. आईच्या हातातही असा कागद कोणी दिला होता का?

उद्या सकाळी आठ वाजता नेणार आहेत. जास्त लिहवत नाही. तुझा निरोप बरोबर होता, एवढं आज लिहून ठेवते.

ताई


११ मार्च, मंगळवार

धाकट्या,

ऑपरेशन झालं. गुडघा उजवाच झाला. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा पांघरूण वर करून बघितलं, त्यावर नर्स काहीतरी बोलली. बहुतेक सगळेच तसं करतात. दुखतंय, पण हे दुखणं कामाचं आहे, जुनं दुखणं नुसतं दुखायचं. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिला मी कवायतवाली म्हणते. दयामाया नावाला नाही. काल वॉकर धरून दारापर्यंत नेलं, आज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. तिकडे बसड्रायव्हर भेटले. त्यांच्या मनगटावरचा कागद अजून तसाच होता. भुलीतून उठताना ते कोणत्या भाषेत काय ओरडले कोणालाच आठवत नाही, आणि त्यांचं कशावाचून अडलंही नाही.

आता कामाचं विचारते. तीन दिवस खाटेवर पडून दुसरं काही डोक्यात आलं नाही.

आईच्या त्या कागदावर खूण कोणी केली होती?

चौकशी झाली तेव्हा तू म्हणालास, चूक माझी. तुझी बढती दोन वर्षं अडली. तू दुकानात आलास तेव्हा गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी म्हटलं, ज्याला स्वतःच्या आईचा डावा-उजवा कळत नाही त्याने दुसऱ्यांचे पाय कापू नयेत. तू खाली बघून ऐकून घेतलंस. मला वाटलं, खालमानेने ऐकतोय म्हणजे गुन्हा कबूल आहे. आज वाटतंय की मी एकदाही विचारलं नाही, झालं कसं.

आणखी एक. खुर्चीत बसल्यावरही आईचे हात शाबूत होते. बटणं लावायची, अस्तर टाचायची, दिवसाला दहा-बारा काजं सहज. पण मापाची वही पुढे केली की म्हणायची, “तू काढ.” मरेपर्यंत तिने वहीत एक रेघ ओढली नाही. मी समजत होते, उभं राहता येत नाही याचं तिला दुःख आहे. पण चित्र काढायला उभं कशाला राहावं लागतं?

हो की नाही, एवढंच कळव. सांभाळून लिहू नकोस. माझा गुडघा नवीन आहे, बाकीची मी जुनीच आहे आणि मला पेलतं.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

तुझं उत्तर दुभाषीबाईंनी सकाळी आणून दिलं. तू पाठवलेलं त्यांनी मोठ्या अक्षरात छापून आणलं, म्हणाल्या, “यात तुमच्या आईबद्दल आहे का? मला वाचता येत नाही, पण तुम्ही रडाल असं वाटलं म्हणून रुमाल आणलाय.” बाई हुशार आहेत. रुमाल लागला.

तुझ्याच ओळी पुन्हा लिहिते, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल.

‘ताई, फुली आईने मारली. कागद मीच तिच्या हातात दिला. वॉर्डात सगळ्यांना म्हटलं, बघा, आमची आई कशी ठाम खूण करते. मला तिचा अभिमान वाटत होता. त्याच तोऱ्यात मी सही केली. एक्स-रेत दोन्ही गुडघे सारखेच खराब, मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि उजवा केला. आपल्या वहीत माणूस पाठमोरा असतो, हे त्या अख्ख्या हॉस्पिटलात फक्त मला माहीत होतं. म्हणून चूक माझीच. तू दुकानात बोललीस तेव्हा आई आतल्या खोलीत होती. मी खरं सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं.’

आधी तुला शिव्या घालते, मग पुढचं. अरे शहाण्या, त्या दिवशी आई आत होती, मान्य. पण दुसऱ्या दिवशी काय झालं होतं? मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? मी तिच्या तोंडावर म्हटलं असतं असं वाटलं तुला? वाटलं असेल. मी तशी होते. कदाचित म्हटलंही असतं. तू गप्प बसलास त्यात माझ्या तोंडाचाही वाटा आहे.

आता पुढचं. आई गेली त्या दिवशी तू दारात उभा होतास. मी तुला तिच्या उशाशी बसू दिलं नाही. म्हटलं, तू केलंस तेवढं पुरे झालं. तू उंबऱ्यावरून परत फिरलास, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं, ते लपवत नाही. तीन वर्षं मी ते आठवून स्वतःला म्हणत होते की मी आईची बाजू घेतली. आई तुझ्या बाजूने होती. मी तुझ्या नावाने बोटं मोडायला लागले की म्हणायची, “पुरे. त्याला काही बोलू नकोस.” मला वाटायचं, आपला तो बाब्या. तिने वहीला हात लावणं सोडलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिला कळलं होतं, धाकट्या. कधी आणि कसं ते माहीत नाही, पण तिला कळलं होतं, आणि तुलाही तिने ते सांगितलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसलात आणि मी मध्ये बसून तुम्हा दोघांना सोलत होते.

सकाळी तासभर मला आईचाही राग आला. मग कवायतवाली आली, तिने गुडघा वाकवला, आणि तो राग दुखण्यात मिसळून गेला.

सात वर्षं मी तुझ्याबद्दल जे बोलले ते चूक होतं. उंबऱ्यावर मी जे केलं ते वाईट होतं. आई गेलेली आहे, ती संधी तुला परत देता येत नाही, हे मला समजतं. तरी माफी मागते. तू ती दिलीच पाहिजेस असं नाही. पण मागितली हे तुझ्याकडे लेखी असू दे.

ताई


२१ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

टाके काल काढले. सर्जन म्हणाले, जखम छान भरलीय. मीही बघितलं, सरळ आणि स्वच्छ काम आहे. टाक्यांची अंतरं मी मोजली, एकही इकडचा तिकडे नाही. त्यांना मी सांगितलं की डावी बाही अर्धा इंच आत घ्या. दुभाषीबाईंना ते भाषांतर करायचं नव्हतं, पण मी करायला लावलं. सर्जननी हात लांब करून बघितला आणि मान हलवली. माझी बिलकूल चूक नव्हती.

मंगळवारी विमान आहे. पोटरीत गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शनं दिलीत आणि दर तासाला उठून चालायला सांगितलंय. बरोबर कवायतवालीची यादी आहे, ती वाचूनच घाम फुटतो. दुकान काजवालीने नीट ठेवलंय. हवापालटाची थाप दोन दिवस टिकली म्हणे, म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा एक दिवस जास्तच.

मास्तरीणबाई काल गेल्या. त्यांची गाठ साधी निघाली. तरी जाताना चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, “इथे सगळं चांगलं झालं हो, पण घरी गेल्यावर काही झालं तर बघणार कोण? आमच्याकडचा डॉक्टर म्हणेल, जिथे केलंत तिथेच जा.” मी त्यांना धीर देणार होते, पण आठवलं की मी तरी काय करते? दुसऱ्या टेलरने बिघडवलेला कोट कोणी आणला की मी हातही लावत नाही. ज्याने शिवलाय त्याच्याकडे न्या म्हणते आणि वर चार शब्द ऐकवते. आता वाटतं, त्यातली काही माणसं पार दुसऱ्या गावाहून आलेली असतील. त्यांनी कुठे न्यायचा होता तो कोट?

आज घरी सोडण्याचे कागद भरून घेतले. त्यात एक चौकट होती. ‘घरी परतल्यावर कोणते डॉक्टर देखरेख करतील?’ पुढे नाव, हॉस्पिटल, फोन. ताप आला, सूज वाढली, पाय वाकेना, तर इथले लोक त्यांच्याशी बोलणार. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढून तो त्यांनीच बघायचा. पंधरा दिवसांपूर्वी हा कागद समोर आला असता तर मी कोणाचंही नाव ठोकून दिलं असतं, अगदी इस्त्रीवाल्याचंसुद्धा.

तुझं नाव लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, कारण विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास तर माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं. दुसरं नको होतं. ही फाइल आज तुझ्याकडे रवाना होईल. दुसऱ्याने केलेलं काम बघायला तुला आवडणार नाही, मला माहीत आहे. तरी बघ.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी तुमच्या ओपीडीत येते. बहीण म्हणून आत घुसणार नाही, रांगेत बसेन, नंबर घेईन. तुला मनात काही ठरवायला वेळ हवा असेल तर माझा नंबर शेवटचा लाव, मी थांबेन. मला गुडघ्याशिवाय काही बोलायचं नाही असं ठरवूनच येते. ते जमणार नाही, पण ठरवून येते.

एक अडचण आहे. कवायतवालीने मला सध्या चारच पायऱ्या चढायची परवानगी दिलीय. तुमच्या हॉस्पिटलच्या दाराला किती पायऱ्या आहेत, ते सात वर्षांत मी विसरले. कळव. चारपेक्षा जास्त असतील तर तू खाली ये.

ताई